चौघडीवर फाटलेला पीस

आत्यानं ओटीत घातलेला मोतिया रुबियाचा पीस आज भिजवला आणि पिळायच्या आधीच घडीवर टरकला. सरळ रेषेत. तेव्हापासून हात कामाला लागत नाही.

वापरून झिजला असता तर वाईट वाटलं नसतं. पेटीत जपून ठेवलेला फाटला, हेच मनातून जात नाही.

कारण माहीत आहे. कोरं कापड खळीसकट ठेवलं की घडीवरचा धागा कडक होऊन मोडतो, शिवाय खळ खायला कसर येते. ठेवायचंच तर खळ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावं आणि दर दिवाळीला घडी बदलावी. माझ्या पेटीत मात्र एकच चौघडी, इतकी वर्षं. त्या वर्षाचं बाकी काही आज लिहीत नाही.

ओटीचे बाकीचे पीस तपासले. कडेचा धागा जाळला की सुती कागदासारखा जळतो, राख बोटानं चुरते; पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. असे सात निघाले. त्यांचे नॅपकिन करू नयेत, पाणी शोषत नाहीत, हात ओलेच राहतात.

"काय पाहून राहिली वं त्या फडक्याकडं?" जाऊबाई म्हणाल्या.

फडकं म्हटल्याचं लागलं. पण त्यामुळेच तो ओसरीवर नीट पसरून पाहिला. पीस ८० सेंटिमीटर, पन्हा ३६ इंच, आणि चौघडीच्या दोन्ही घड्या बरोबर मधोमध. चार नॅपकिन काढायचे तर कात्री तिथूनच जाणार होती! घडीच्या दोन्ही अंगांनी अर्धा-अर्धा इंच विरलेली पट्टी काढली. किनारही काढली, धुतल्यावर ती आखडते, चुण्या पडतात. एक धागा ओढून त्याच रेघेवर कापलं. साडेचौदा इंचाचे चौकोन निघाले. आधी पाव इंच, मग अर्धा इंच दुमडून शिवल्यावर १३ इंच.

कोपऱ्यावर घाई करू नये. तसंच दुमडलं तर तिथं कापडाचे नऊ थर जमतात, सुई अडते. टोक आधी तिरकं छाटायचं, आत वळवायचं, मग बाजू दुमडायच्या. शिलाई बाजूच्या मध्यावरून सुरू करायची. कोपऱ्यातून केली की पातळ रुबिया सुईखालच्या भोकात ओढला जातो. सुई ११ नंबरची, इंचाला बारा टाके. दुपारी लाईन गेली, पण पायमशीन असल्यानं अडलं नाही. चारही पुरे झाले. मन बरंच हलकं झालं.

एकाच्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं आहे, ओटीच्या वेळचं. साबण लागला तसं ते कुंकवासारखं लाल झालं, खळबळल्यावर पुन्हा पिवळं. कडक उन्हात टाकलं की हळद उडते. तीन नॅपकिन दोरीवर आहेत, उद्या वावरात भाकरीसोबत जातील. चौथा ओसरीत, सावलीत वाळत घातला आहे.