अश्वत्थाम्याला कृष्णानं फसवलं का? तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न येतोच. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला निघणारी तळोद्या-शहाद्याकडची पोरं विचारतात, पोथी संपल्यावर ओट्यावर रेंगाळणारी माणसं विचारतात, आणि धुळ्याकडचे पाहुणे असले तर अहिराणीत विचारतात, "अश्वत्थामाले कृष्णनी फसाडं का हो?"

प्रश्नामागचा कळवळा मला समजतो. सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर त्याचं स्थान आहे. कपाळाची जखम घेऊन तो अजून फिरतो, जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत आली. तिकडे बऱ्हाणपूरजवळ असिरगडावर, जो किल्ला एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांचा होता, तिथल्या महादेवाला तो पहाटे फूल वाहून जातो असं म्हणतात. इतका आपला झालेला माणूस देवानं डाव टाकून हरवला असेल, तर तो अन्याय वाटणारच. शिवाय तो काही भोळा गडी नव्हता. अठरा दिवसांत भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य या चौघा सेनापतींना जे जमलं नाही, ते त्यानं उरलेल्या दोघा सोबत्यांना घेऊन एका रात्रीत केलं. मग एवढ्या कावेबाज माणसाला कृष्णानं मात दिली ती बुद्धीनं की देवपणाच्या जोरावर?

माझं उत्तर असं की कृष्णानं त्याच्यावर मात केली ती युद्धाच्या पंधराव्या दिवशी, दोनदा. शेवटच्या रात्री मात्र कोणी त्याला फसवलं नाही.

पहिला डाव तर त्याच्या पाठीमागे झाला, तोही त्याच्याच नावावर. द्रोण आवरेनात तेव्हा कृष्णानं सुचवलं की मुलगा मेला असं ऐकलं तरच हा म्हातारा शस्त्र ठेवील. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, युधिष्ठिर "नरो वा कुंजरो वा" पुटपुटला, आणि ध्यान लावून बसलेल्या द्रोणाचं मस्तक धृष्टद्युम्नानं उडवलं. मुलगा जिवंत, आणि त्याच्या मरणाच्या बातमीवर बाप गेला! अश्वत्थाम्याचा राग कुठून आला हे समजून घ्यायचं तर इथून सुरुवात केली पाहिजे. या एका बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे.

दुसरा डाव लगेच त्यानंतरचा. चिडलेल्या अश्वत्थाम्यानं बापाकडून मिळालेलं नारायणास्त्र सोडलं. जितका प्रतिकार करावा तितकं ते भडकत जाई. कृष्णानं सगळ्या सैन्याला सांगितलं, शस्त्रं खाली टाका, रथांवरून, हत्तींवरून, घोड्यांवरून उतरा, मनातसुद्धा लढायचं आणू नका. एकटा भीम ऐकेना, त्याला कृष्णार्जुनांनी ओढून खाली उतरवलं. अस्त्र शांत झालं. दुर्योधन म्हणाला, पुन्हा सोड. अश्वत्थाम्याला सांगावं लागलं की हे दुसऱ्यांदा सोडता येत नाही, ते सोडणाऱ्यावरच उलटतं. इथं कृष्ण शुद्ध बुद्धीनं जिंकला. अस्त्राची मेख त्याला माहीत होती.

त्याच दिवशी पुढे जे घडलं ते लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. अश्वत्थाम्यानं आग्नेयास्त्र सोडलं. पांडवांची अख्खी अक्षौहिणी जळाली. धूर विरला तेव्हा कृष्ण आणि अर्जुन जसेच्या तसे रथात उभे. अश्वत्थाम्यानं धनुष्य टाकलं, रथातून उडी मारली, "धिक्कार असो, हे सगळं खोटं आहे" असं म्हणत तो रणातून पळत सुटला. वाटेत व्यास भेटले. त्यानं विचारलं, माझं अस्त्र वाया गेलं कसं? माझं काय चुकलं? व्यासांनी त्याला समोर बसवून सांगितलं की तुझ्यासमोर जे दोघे आहेत ते नर आणि नारायण आहेत. अश्वत्थाम्यानं ते ऐकलं, मनोमन मानलं, रुद्राला नमस्कार केला आणि सैन्य माघारी वळवलं.

म्हणजे समोर कोण आहे हे त्याला कळलेलं होतं. ज्याला शत्रूची ताकद लपवून गाठलं, त्याला फसवलं म्हणता येतं. याला तर खुद्द व्यासांनी सांगितलं होतं.

आता ती रात्र. दुर्योधन मांडी मोडून पडलेला, त्यानं अश्वत्थाम्याला सेनापती केलं. कृप आणि कृतवर्मा यांच्यासह तो वडाखाली थांबला. ते दोघे झोपले, याला झोप येईना. वडावर निजलेल्या कावळ्यांवर एक घुबड आलं आणि त्यानं त्यांचा फडशा पाडला, ते बघून याला युक्ती सुचली. कृपानं, सख्ख्या मामानं, विनवलं: आज झोप, सकाळी वडीलधाऱ्यांना विचारू, झोपलेल्यांना मारू नये. यानं ऐकलं नाही. छावणीच्या दारात त्याला एक अक्राळविक्राळ पुरुष आडवा आला. याची सगळी अस्त्रं त्याच्या अंगात गडप झाली. तेव्हा त्यानं शंकराला आळवलं, पुढे प्रकटलेल्या अग्नीत स्वतःची आहुती दिली. शंकर म्हणाले, मला कृष्णापेक्षा प्रिय कोणी नाही, त्याच्या मानासाठी मी आजवर या पांचालांना, धृष्टद्युम्नाच्या माणसांना, राखलं, पण यांची वेळ भरली. त्यांनी याला खड्ग दिलं आणि याच्या शरीरात प्रवेश केला.

अश्वत्थाम्याला वाटलं आपण फट शोधली. दार उघडून दिलं होतं ते शंकरानं. आत काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मला ते वाचताना दर वेळी जड जातं. धृष्टद्युम्नाला शस्त्रानं मरण द्यायलाही त्यानं नकार दिला, लाथांनी मारलं. द्रौपदीचे पाचही मुलगे गेले, शिखंडी गेला. जे पळाले त्यांना दारात कृप आणि कृतवर्म्यानं कापलं. पांडवांच्या बाजूचे सातच जण वाचले: पाच भाऊ, कृष्ण आणि सात्यकी.

ते सात वाचले कसे? इथंच लोक म्हणतात, बघा, कृष्णाला माहीत होतं! होय, होतं. त्या संध्याकाळी तो गांधारी-धृतराष्ट्राचं सांत्वन करायला हस्तिनापुरी गेला होता. बोलता बोलता एकदम उठला आणि म्हणाला, द्रोणपुत्राच्या मनात पाप आलंय, रात्री पांडवांना मारायचा बेत आहे, मला निघालं पाहिजे. पांडव त्या रात्री छावणीबाहेर, ओघवती नदीकाठी राहिले. मुलं छावणीतच राहिली. त्यांना का नाही हलवलं, याला महाभारत उत्तर देत नाही, आणि कृष्णाची बाजू घ्यायची म्हणून मीही एखादं रचून देणार नाही. ती मुलं मेली आणि कृष्णाला माहीत होतं, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच हे पर्व वाचावं लागतं. पण याला अश्वत्थाम्यावरची मात कशी म्हणायची? ज्या डावात आपली पाच पोरं जातात तो डाव जिंकला असं कोण म्हणेल?

कृष्णाला त्याच्या मनातलं कळलं कसं, याचा खुलासा तो स्वतः पुढे युधिष्ठिराला करतो. युद्धाआधी अश्वत्थामा द्वारकेला आला होता. म्हणाला, माझं ब्रह्मशिर अस्त्र घे आणि मला तुझं चक्र दे. कृष्ण म्हणाला, तुझं अस्त्र राहू दे, चक्र उचलून घेऊन जा. यानं डावा हात लावला, मग उजवा, जागचं हललं नाही. दमून बसल्यावर कृष्णानं विचारलं, प्रद्युम्नानं कधी मागितलं नाही, बलरामदादानं नाही, अर्जुनानं नाही. तुला कोणाशी लढायचंय? हा खरं बोलला: तुमच्याशीच. तुमची पूजा करून तुमच्याशी लढणार होतो.

हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. इथं कोणीच कोणाला फसवत नाही. एक जण मनातलं सांगून टाकतो, दुसरा ऐकून घेतो आणि घोडे, धन, रत्नं देऊन पाठवणी करतो. द्रोणांनीही हे ओळखलं होतं. ब्रह्मशिर अस्त्र त्यांनी मुलाला दिलं ते नाखुशीनं, आणि बजावून, की कितीही संकट आलं तरी माणसांवर सोडू नकोस, आणि तू सज्जनांच्या वाटेवर टिकणार नाहीस. बापानं आणि शत्रूनं एकच गोष्ट पाहिली.

म्हणून शेवट व्हायचा तसा झाला. गंगेकाठी व्यासांच्या आश्रमात भीमाला पाहून यानं गवताची काडी उचलली आणि "पांडव उरू नयेत" म्हणून तेच अस्त्र सोडलं. अर्जुनानंही सोडलं. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले. अर्जुनानं आपलं परत घेतलं. याला सोडता येत होतं, परत घेता येत नव्हतं. मग ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. कृष्ण म्हणाला, अभिमन्यूच्या बायकोचं, उत्तरेचं मूल मेलेलं जन्मेल, पण जगेल, आणि साठ वर्षं राज्य करील. तू तीन हजार वर्षं एकटा फिरशील, अंगाला रक्तपुवाचा वास येईल. बाळ खरंच निपचित जन्मलं, तेव्हा कृष्णानं कोणतंही अस्त्र काढलं नाही. मी थट्टेतही खोटं बोललो नसेन तर हे मूल जगो, एवढंच म्हणाला.

आणि "नरो वा कुंजरो वा"? ते सुचवणारा हाच कृष्ण ना, असं तुमच्यातले काही जण इथं मला अडवतात. अडवा. तो प्रश्न द्रोणांच्या वतीनं विचारला तर माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि अश्वत्थाम्यानं तो विचारला असता तर त्याचा हक्कच होता. पण झोपलेल्या पोरांवर तलवार चालवायला आणि गर्भावर अस्त्र वळवायला त्याला कोणी भाग पाडलं नव्हतं. मामानं तर आधी अडवलंच होतं.