तोडणाऱ्याला पकडता, बोलावणाऱ्याचं काय?

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी लागली की शेंदुरजना घाटाच्या बाजूने मजुरांच्या पिकअप भरून येतात. मध्य प्रदेशातल्या बैतूल, मुलताई, पांढुर्ण्याकडची माणसं. बाग व्यापाऱ्याने ठोक घेतलेली, मजूर मुकादमाचे, आणि आम्ही बागायतदार बांधावर उभे. झाडावर कोण चढलंय, त्याचं नाव काय, हे तिघांपैकी एकाच्याही कागदावर नसतं.

मागच्या हंगामात शेजारच्या बागेत एक पोरगा शिडीवरून पडला. खांद्याचं हाड मोडलं. व्यापारी म्हणाला, मजूर मुकादमाचे. मुकादमाचा फोन बंद. मीच त्याला गाडीत घालून वरुडला नेलं. त्याची आई पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसत एकच बोलत होती, "बाई, हमारा नाम तो कहीं लिखा ही नहीं." १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने अशा प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं असं होतं. मी तरी ते आजवर कुणाच्या हातात पाहिलं नाही.

दिवाळीत टेक्सासहून भाच्याचा फोन आला. "आत्या, मी एचवनबीच्या, म्हणजे शिकलेल्यांच्या नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीत वर्षं घालवली. हे बिनकागदी लोक सीमा ओलांडून अमेरिकेत येतात आणि कामाला लागतात. हाकललंच पाहिजे यांना." त्याची चीड मला समजते. त्याच्या शिक्षणापायी माझ्या भावाने रस्त्याकडचं वावर विकलं. नियमाने गेलेल्याला राग येणारच, आणि आपली सीमा राखायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, हेही मला मान्य. पण मी त्याला विचारलं, बाळा, तुझ्यासाठी रांग तरी होती. संत्री तोडणाऱ्याने कुठल्या रांगेत उभं राहायचं?

खरंच कुठल्या? फारसं शिक्षण न लागणाऱ्या कामांसाठी अमेरिका नोकरीच्या आधारावर जी कायमची ग्रीन कार्डं देते, त्यांची कायद्यातली मर्यादा वर्षाला १०,०००. अख्ख्या जगासाठी, बायकापोरं धरून. शेतीसाठी एच-टू-ए नावाचा हंगामी व्हिसा आहे, त्याला आकड्याची मर्यादा नाही, पण तो एकाच मालकाशी बांधलेला. गोठ्यावर दूध काढणाऱ्याला तोही मिळत नाही, कारण गाई बारा महिने दूध देतात, ते काम हंगामी ठरत नाही. आणि तिथल्याच कामगार खात्याच्या पाहणीप्रमाणे पिकांत राबणाऱ्या शेतमजुरांपैकी साधारण ४० टक्के लोकांकडे कामाचा परवाना नाही. एवढी माणसं मालकांच्या नकळत शेतात शिरली, यावर कोण विश्वास ठेवेल?

१९८६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी कायदा केला. सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, आणि बिनकागदी माणसाला जाणूनबुजून कामावर ठेवणं पहिल्यांदाच देशभर बेकायदा ठरलं. पण मालकाने काय करायचं? कागद बघायचे, आय-नाइन फॉर्म भरायचा. कागद वरवर खरा दिसला की तो सुटला. मजूर ठेकेदारामार्फत आणले तर फॉर्मही ठेकेदाराने भरायचा. हे वाचलं तेव्हा मला आमचा व्यापारी आणि त्याचा मुकादमच डोळ्यांसमोर दिसला. संगणकावर कागद तपासायची ई-व्हेरिफाय नावाची सोय कधीची आहे, पण बहुतेक खासगी मालकांवर देशपातळीवर तिची सक्ती आजही नाही. म्हणजे कुंपणाला विजेचा करंट आणि फाटक सताड उघडं.

२००८ मध्ये आयोवातल्या पोस्टव्हिल गावी मांसाच्या कारखान्यावर धाड पडली. एका दिवसात ३८९ मजूर धरले. त्यातले बहुतेक खोट्या कागदांपायी काही महिने तुरुंगात राहिले, मग देशाबाहेर. कारखान्याच्या प्रमुखालाही शिक्षा झाली, पण ती बँकेच्या फसवणुकीची. बेकायदा मजूर ठेवल्याचे आरोप सरकारी वकिलांनी मागे घेतले. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला परत आणून सोडले, बहुतेकांना बेड्या घालून; त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. त्या बेड्यांचे फोटो आमच्या गावच्या प्रत्येक मोबाइलवर फिरले. अशा मजुरांच्या जिवावर ज्यांचे गोठे, मळे, मोटेलं चालतात, त्यातल्या एकाचाही फोटो मला दिसला नाही.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मालकांना धरलं तर भाजी महाग होईल, आत्या." होऊ दे ना. इतकी वर्षं ती स्वस्त कुणामुळे होती?

इथे मी काय करू शकते, तेवढं ठरवलंय. मृग बहाराच्या तोडणीआधीच्या ग्रामसभेत ठराव मांडते आहे: गावात बाग घेणाऱ्या व्यापाऱ्याने मजुरांची नावं, गाव आणि मजुरीचा दर ग्रामपंचायतीत लिहून द्यायचा, आणि खाली बागायतदाराची सही. अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च सही करणाऱ्या दोघांवर. शेजारचे भाऊ म्हणाले, "वहिनी, असं केलं त व्यापारी दुसऱ्या गावची बाग घेईन." घेईलही, ही भीती खोटी नाही. म्हणून पलीकडच्या दोन गावांतल्या बायकांशीही बोलणं चालू आहे. सही करायला माझी बाग पहिली.