हँडलवरची गर्दी आणि पुणे ते रत्नागिरी

डिसेंबरात सायकलने रत्नागिरीला जाऊन आले. ताम्हिणी घाटातून माणगाव, पुढे हरिहरेश्वर, मग बाणकोट, दाभोळ आणि जयगड या तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळे. रस्त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला हँडलबद्दल लिहायचंय, कारण पहिल्या दिवशी सगळा त्रास तिथूनच झाला.

माझी सायकल हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधली, सरळ हँडलची. ग्रिप, ब्रेक आणि गिअरचे खटके सोडले तर दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते. त्यात दिवा, घंटी, मोबाईल होल्डर, सायक्लोमीटर (वेग आणि अंतर दाखवणारा) आणि हँडलला बांधायची पुढची बॅग असं सगळं बसवून पहाटे साडेचारला निघाले. पौडच्या अलीकडेच लक्षात आलं की बॅगेमुळे दिव्याचा खालचा अर्धा झोत अडतोय. चाकापुढचे खड्डेच दिसेनात. उजाडल्यावर घाटात डावीकडे कडक वळण घेतलं, तर मागचा गिअर आपोआप बदलला. बॅगेने केबल दाबून धरली होती, हँडल वळलं की ती ताणली जायची. उतारावर मोबाईल होल्डर गरकन खाली फिरला. तो सावरायला एक हात सोडला, तेव्हा खरंच भीती वाटली.

होल्डर फिरण्याचं कारण साधं आहे. माझं हँडल मधोमध ३१.८ मिमी जाड आहे आणि ग्रिपपाशी २२.२. मधल्या निमुळत्या भागावर होल्डरची किंवा दिव्याची कुठलीही पकड (क्लॅम्प) नीट बसत नाही, कितीही आवळा. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर थोडा फरक पडतो, पण सरळ भागावर बसवणं केव्हाही बरं.

माणगावात एका सायकल दुरुस्तीवाल्या दादांनी सगळं उतरवायला लावलं. म्हणाले, "ताई, आधी हात कुठं असतात ते बघा, मग सामान." दीड तास गेला, पण त्या दीड तासाने पुढची सफर सुखाची केली. घंटी डाव्या ब्रेकला लागून, अंगठ्याच्या टप्प्यात आणली. पुढे किनाऱ्यावरच्या केळशी, आंजर्ल्याच्या अरुंद वळणांवर ती सारखी लागते, आणि तिथेच ब्रेकवरची बोटंही काढता येत नाहीत. दिवा फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, वरच्या भोकात छोट्या पट्टीवर गेला. तिथून बॅगेची आडकाठी नाही, आणि झोत खालून पडत असल्याने खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, ते आधी कळतात. फक्त दिवा वर रोखू नका, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. सायक्लोमीटर रबराच्या तुकड्यावर झिप टायने (प्लास्टिकच्या आवळपट्टीने) स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या मधल्या तुकड्यावर आला. मोबाईल गेला दांडीवरच्या पिशवीत. फाटा आला की थांबून बघायचा. बॅग आणि हँडल यांच्यामध्ये फोमचे दोन जाड तुकडे घातले, केबल मोकळ्या झाल्या. बॅगेत दोन किलोच्या वर काही ठेवू नका, चढावर हँडल डुलायला लागतं.

जागा वाढवायला हँडलला जोडून घ्यायचा आडवा बार मिळतो, तोही मी आधी वापरून पाहिलाय. सायक्लोमीटरला ठीक. जड दिवा त्यावर थरथरतो.

आरसा मात्र हवाच. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून हँडलच्या उजव्या टोकात खोचायचा. ग्रिपचं टोक बंद असेल तर ब्लेडने कापावं लागतं, ते घरीच उरका. फेरीबोटीत सायकल कठड्याला टेकवण्याआधी आरसा आत वळवा, माझा दाभोळला अडकून ओरखडला.

कार्बनचं हँडल असेल तर पकडी अंदाजाने आवळू नका, बनवणाऱ्याने दिलेली आवळण्याची मर्यादा बघा. चार आणि पाच मिमीची ॲलन की (षटकोनी पाना) आणि चार-सहा झिप टाय वरच्या खिशात असू द्या. पहिल्या पंचवीस-तीस किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक स्क्रू हलवून बघा, नवीन बसवलेलं सगळं थोडं सैल होतंच.

निघायच्या आदल्या रात्री पूर्ण सामान लावून भिंतीला टेकून सायकलवर बसा. डोळे मिटून अंगठा घंटीवर जातो का? हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना? गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेच्या उतारावर उजवीकडे समुद्र उघडला, तेव्हा मला हँडलकडे एकदाही बघावं लागलं नाही.