साडेबाराचा हट्ट आणि ब्युरेटमधला आकडा

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपमध्ये चिकोडी भागातली एक टर्बो पेट्रोल गाडी इंजिन उघडायला आली. चार सिलिंडर, ११९७ सीसी. मालकाला ती इथेनॉलवर चालवायची होती. "अण्णा, कॉम्प्रेशन साडेबारा ठेवूया की. इथेनॉल नॉक होतंय कुठं?"

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना हवा-इंधनाचं मिश्रण किती पट दाबलं जातं तो रेशो; नॉक म्हणजे ते मिश्रण ज्योत पोचण्याआधी आपोआप पेटून बसणारा ठोका. मालकाचं अर्धं बरोबर होतं. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉक टाळायची क्षमता, १०८च्या आसपास. शिवाय बाष्प होताना ते किलोमागे पेट्रोलच्या अडीचपट उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड राहते. पण हे टाकीत खरोखर इथेनॉल असलं तरच. ई-१००, म्हणजे जवळपास शुद्ध इथेनॉल, ठराविक पंपांवरच मिळतं; 'ई'पुढचा आकडा म्हणजे इथेनॉलचे टक्के. त्यात पेट्रोल मिसळून त्यानं कॅनमध्ये 'ई-८५' आणलं होतं. काचेच्या मापात ते ९० मिली घेऊन १० मिली पाणी घातलं, हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. वरचा थर साडेतेरा मिली यायला हवा होता, आला २७. म्हणजे ते ई-७० होतं. आणि गोव्यात गेला की टाकीत ई-२० पडणार.

म्हणून रेशो ठरवायचा तो टाकीत येऊ शकेल त्या सगळ्यात कमी ऑक्टेनच्या इंधनावर. बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब, मॅपमधून (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यातून) खाली घेता येतो, पिस्टन रस्त्यात बदलता येत नाही. फायद्याचं गणितही तसंच आहे. ९ वरून १०.५ वर गेलं तर कागदावर कार्यक्षमता चारेक टक्के वाढते. बूस्ट ०.८ वरून १.२ बार केला तर हवाच वीसेक टक्के जास्त जाते. जास्त रेशोचा खरा उपयोग टर्बो जागा होण्याआधीच्या खेचीला. टर्बो गाडीत तेवढ्यासाठी साडेबारा करणं मला पटत नाही.

मूळ रेशो ९ असल्याचं मालक सांगत होता. एका सिलिंडरचे २९९.३ सीसी, म्हणजे पिस्टन पूर्ण वर आल्यावरही त्याच्या वर ३७.४ सीसी, आठवा भाग, जागा राहायला हवी. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उलटं ठेवलं, प्लग लावला, कडेला ग्रीस फासून भोकाची ॲक्रिलिक पट्टी बसवली आणि ब्युरेटनं (मापाच्या खुणांच्या काचेच्या नळीनं) द्रव मोजून भरलं. गॅस्केटचे २.४ आणि पिस्टनच्या खळग्याचे धरून पहिल्या सिलिंडरला ३४.१ निघाले, चौथ्याला ३५.९. आधी कुठंतरी हेडला फेसिंग मारलेलं होतं, म्हणजे तळ मशीनवर घासलेला होता, तोही तिरका. पहिला सिलिंडर ९.८ वर, चौथा ९.३ वर! अशा इंजिनात नॉक पहिल्यातच सुरू होतो आणि त्याच्यासाठी चारही सिलिंडरचं टायमिंग मागं घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी उशिरा द्यावी लागते.

नवे पिस्टन मागवले नाहीत. हेडमधली व्हॉल्व्हच्या बाजूची भिंत थोडी थोडी घासून चारही सिलिंडर ३५.९ वर आणले, फरक ०.२ सीसीच्या आत. गॅस्केट बसते तो सपाट भाग आणि पिस्टनच्या अगदी जवळ येणारी कड यांना हात लावला नाही. इंजेक्टर मोठे घेतले, कारण ई-८५ला इंधन तिसऱ्या हिश्शानं जास्त लागतं. इथेनॉल सेन्सर बसवला आणि मॅप दोन केले: ई-८५ला १.२ बार, ई-२०ला ०.७.

इथं एक गोष्ट हमखास सुटते. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, बाहेरचा दाब सुमारे ०.९२ बार. पणजीत तो १.०१. स्प्रिंगच्या वेस्टगेटवर (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेवर) बूस्टचा मीटर दोन्हीकडे तोच आकडा दाखवतो, पण सिलिंडरमध्ये दाब पणजीत जास्त असतो. म्हणून ई-२०चा मॅप टाकीत तेच इंधन भरून गोव्याकडून चोर्ला घाट चढताना तपासला: तिसरा गिअर, कमी आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. नॉक सेन्सरनं दोनदा टायमिंग मागं घेतलं, तिथं दोन अंश कमी केले. प्लग एका श्रेणीनं थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, बसवले. नंतर प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर नॉकची खूण असलेले ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके नव्हते, तेव्हा गाडी सोडली.

थंडीत बेळगावला पहाटे इथेनॉल लवकर पेटत नाही, स्टार्टर वारंवार मारला की इंधन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल लगेच बदला.