डोंगर नसलेल्या देशाचं हिवाळी ऑलिम्पिक

कोपनहेगनला राहतो म्हटलं की पुण्याचे नातेवाईक हमखास विचारतात, "मग, स्कीइंग शिकलास की नाही?" आता यांना काय सांगू! डेन्मार्कमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा म्योलेहॉय, समुद्रसपाटीपासून जेमतेम १७१ मीटर. आपलं पुणं तर सपाटीलाच साडेपाचशे मीटरवर आहे. इथला हिवाळा म्हणजे दोन-तीन डिग्री, दुपारी चारला काळोख आणि छत्री उलटी करणारा पाऊस. बर्फ पडलाच तर दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल.

स्कीइंगची हौस भागवायला यांनी कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्याच्या छपरावर उतार बांधलाय, हिरव्या प्लास्टिकच्या ब्रशचा. खाली शहराचा कचरा जळतोय आणि वर पोरं घसरताहेत!

तर अशा देशाला २०२६पूर्वी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये मिळालेलं पदक एकच. १९९८, नागानो, महिलांच्या कर्लिंगमध्ये (बर्फावर दगड सरकवायचा खेळ) रौप्य. अंतिम सामना कॅनडानं ७-५ असा जिंकला. शेजारच्या नॉर्वेनं २०२२ला बीजिंगमधूनच १६ सुवर्णं नेली. पण मला त्या रौप्यात तर्क दिसतो. बर्फ हॉलमध्ये गोठवता येतो, डोंगर कुठून आणणार? डेन्मार्कची आशा असते ती छपराखालच्या खेळांत.

गेल्या वर्षी ऑफिसनं आम्हाला कर्लिंगला नेलं. वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड, वर किटलीसारखी मूठ. गुडघा वाकवून घसरत जायचं आणि दगड अलगद सोडायचा. मी म्हटलं, हा तर कॅरमच की, फक्त स्ट्रायकर जरा जड! पहिला दगड अर्ध्या वाटेत थांबला, दुसऱ्याच्या आधी मीच आडवा झालो. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबडीत दाणे केलेले असतात. दगडापुढे ब्रश घासला की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो. व्हिडिओ पाहून आई म्हणाली, "अरे, घरी कधी केरसुणीला हात लावला नाहीस, आणि तिकडे जाऊन बर्फ झाडतोस?"

हॉकीची, म्हणजे बर्फावरच्या आइस हॉकीची, गोष्ट वेगळी. मे २०२५, डेन्मार्कमधलंच हर्निंग, जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. समोर क्रॉस्बी आणि मॅकिननसारख्या बड्या खेळाडूंचा कॅनडा, तोही १-०नं पुढे. शेवटच्या अडीच मिनिटांत आधी निकोलाय एलर्सचा गोल, मग निक ओलेसनचा. २-१! एरवी बसमध्ये शेजाऱ्याकडे मान न वळवणारी ही माणसं, पण त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये भिंतीपलीकडून आरोळ्या ऐकू आल्या. पुढे स्पर्धेत चौथा नंबर आला.

म्हणून फेब्रुवारी २०२६ला इटलीतल्या मिलान-कोर्तिनाच्या ऑलिम्पिकमध्ये पदक नक्की? मला तेव्हा तसं वाटलं नव्हतं. २०२२ला डेन्मार्क पहिल्यांदा ऑलिम्पिक हॉकी खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला खरा, पण तेव्हा एनएचएलचे (अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक आइस हॉकी लीग) खेळाडू नव्हते. २०२६ला ते येणार होते. डेन्मार्ककडे तसे मूठभर, अमेरिका-कॅनडाकडे अख्खा संघ. हॉकीपेक्षा कर्लिंगच्या बायकांवर माझा भरवसा जास्त होता.

ऑफिसातल्या डॅनिश सहकाऱ्याला मी मोठ्या उत्साहानं विचारलं, सामने एकत्र बघायचे का? तो म्हणाला, सातव्या आठवड्यात मी नाही. (इथं तारीख सांगत नाहीत, वर्षातल्या आठवड्याचा नंबर सांगतात. सातवा म्हणजे फेब्रुवारीचा मध्य, ऐन ऑलिम्पिकमध्ये.) पोरांना घेऊन नॉर्वेला चालला होता. स्कीइंगला.