पुण्याचे डोंगर, पावसाळा सोडून

जूनचा पहिला शिडकावा झाला रे झाला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चला ताम्हिणी" सुरू होतं. वर्षभर झोपलेली माणसं पण तेव्हा रेनकोट शोधायला लागतात. माझं मत विचाराल तर पुण्याच्या आजूबाजूला फिरायला रविवारचा पावसाळा सगळ्यात वाईट. सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग, धबधब्यापेक्षा स्पीकरचा आवाज मोठा आणि मध्येच दरड आली की रस्ताच बंद. मी हल्ली उरलेल्या महिन्यांतच जास्त फिरते.

आता मे महिन्यातला सिंहगड. लोक म्हणतात उन्हात कोण मरायला जातं, पण पहाटे साडेपाचला आतकरवाडीतून चढायला लागलं की सातच्या आसपास वर, आणि ऊन तापायच्या आत खाली. गवत पूर्ण वाळलेलं असतं, वाट मोकळी, आणि दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या. यंदा भाचीला घेऊन गेले होते. वाटेत एक मावशी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या, त्यांनी तिला आधी विचारलं, "सांग, कोंबडा का कोंबडी?" हिला काही कळेना, मग मावशींनीच एक फोडून दाखवलं, आतून लालभडक, म्हणजे कोंबडा. फिकं निघालं तर कोंबडी. पुढचा सगळा चढ ही पोरगी प्रत्येक करवंद खायच्या आधी पैज लावत होती, बोटं चिकाने चिकट झालेली, ओठ जांभळे. मी तिला पाण्याची बाटलीसुद्धा धरू दिली नाही. वर देवटाक्याचं गार पाणी आणि मडक्यातलं दही, त्याशिवाय सिंहगड पुरा होत नाही. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी सकाळी माणूस नसतो, ते मला आवडतं.

मेच्या शेवटी राजमाचीला काजवे असतात पण तिथेही आता जत्राच भरते, टॉर्च आणि मोबाईलचे फ्लॅश मारत फिरणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं की नर काजवा मादीला बोलवायला चमकतो, तुमच्या रीलसाठी नाही.

पावसात एकच करते, मधल्या वारी सुट्टी टाकून अंधारबन. ताम्हिणीजवळच्या पिंपरीतून शिरायचं आणि जंगलातून उतरत उतरत कोकणात भिऱ्याला निघायचं, डाव्या-उजव्या बाजूचा विचार न करता नुसतं चालायचं, आणि मध्येच धुकं फाटलं की खाली कुंडलिकेची दरी. पण निघण्याआधी बंदी आहे का ते बघा, पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतं.

खरी मजा सप्टेंबर संपताना. पाऊस ओसरलेला, सोनकी फुललेली, आणि मग राजगड. गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढायचं तर शेवटचा टप्पा रेलिंग धरूनच काढावा लागतो, घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर पाली दरवाजाच्या ऐसपैस पायऱ्यांनी न्या. बहुतेक लोक पद्मावती माचीवर पोहे खातात, बालेकिल्ल्यावर फोटो काढतात आणि उतरतात. अहो, संजीवनी माची बघा ना! तिथे तटाला तट आहे, बाहेरची भिंत आणि आतली भिंत, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी जागा. बाहेरचा तट पडला तरी आतल्या तटावरून लढता यावं म्हणून ही दुहेरी बांधणी. त्या फटीतून चालताना दोन्ही खांदे दगडाला घासतात, वर आकाशाची पट्टी, आणि सांध्यासांध्यातून पिवळी सोनकी उगवलेली. समोर तोरणा. 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी वाढलीये पण माचीच्या टोकापर्यंत अजूनही फार कोणी येत नाही.

हिवाळ्यात ऑफिसच्या आधी वेताळ टेकडी. फेब्रुवारीत ती गुलाबी होते आणि सगळे "पुण्याचा साकुरा" म्हणून स्टेटस टाकतात. तो गिरीपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मूळचा मध्य अमेरिकेतला, हिरवाई वाढवायला लावलेला. दिसतो छान हं, नाही कशाला म्हणू, पण मला त्याच टेकडीवरची काटेसावर जास्त आवडते, लाल फुलांवर पक्ष्यांचा नुसता दंगा असतो.

आणि डोंगरांचा कंटाळा आला तर भिगवण, साधारण शंभर किलोमीटर. उजनीच्या पाणलोटात थंडीत रोहित पक्षी येतात, होडीवाले दादा वल्ह्याचा आवाज न करता बरोब्बर अंतरावर नेऊन थांबवतात, आणि आपण "अजून थोडं पुढे" म्हटलं तर सरळ नाही म्हणतात. उन्हं चढायच्या आत पक्षी बघून घ्या, मग काठावरच्या खानावळीत चिलापी फ्राय आणि बाजरीची भाकरी मागवा. रस्सा तिखट असतो, आधी सांगून ठेवते.