हरणारा संघ आणि एका दिवसाचे खेळाडू

पिट्सबर्गला राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांनी दोन गोष्टींबद्दल सावध केलं होतं: इथला हिवाळा आणि इथला बेसबॉल संघ. हिवाळा निदान एप्रिलमध्ये आटोपतो, पण पायरेट्सचं हरणं मात्र नेमकं तेव्हाच सुरू होतं. 1993 ते 2012 असे सलग वीस हंगाम या संघाने जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमध्ये इतकी लांब पराभवांची मालिका दुसऱ्या कुठल्याही संघाच्या नावावर नाही. शेवटची वर्ल्ड सीरिज, म्हणजे इथलं सर्वोच्च विजेतेपद, त्यांनी 1979 मध्ये जिंकली. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या इथल्या माणसाला ती आठवत असण्याची शक्यता नाही.

तरी लोक मैदानावर जातात, आणि आता मीही जाते. स्टेडियम नदीकाठी आहे. सामन्याच्या दिवशी रोबेर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांसाठी बंद करतात आणि पिवळ्या पुलावरून सगळं गाव चालत पलीकडे जातं. हरणाऱ्या संघाची तिकिटं महाग नसतात. नवऱ्याला हा खेळ म्हणजे 'उगाच तीन तास' वाटतो. त्याचं आयपीएल घरी लॅपटॉपवर चालू असतं, आणि आमचं बरं चाललंय.

गंमत अशी की हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांकडे बोलायला वेळ भरपूर असतो. नऊपैकी सहाव्या डावात सात धावांनी मागे पडलेल्या संघाबद्दल बोलणार तरी काय? मग जुन्या गोष्टी निघतात, एकमेकांना कोडी घातली जातात. मी बसते त्या बाजूला एक निवृत्त आजोबा नेहमी पेन्सिल घेऊन येतात आणि प्रत्येक चेंडूची नोंद स्कोअरकार्डवर करतात. समोरच्या पडद्यावर सगळं दिसत असतानाही! मी विचारलं तर म्हणाले, पडदा उद्या पुसला जाईल, हे राहील.

हे नोंदींचं वेड या खेळाच्या रक्तातच आहे, आणि ते तिथे पोचवलं एका क्रिकेटच्या बातमीदाराने. हेन्री चॅडविक, जन्म इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, 1824 चा. अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकासारखाच 'बॉक्स स्कोअर' त्याने या खेळात रुजवला. बॅटर स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला की आजोबा जे 'के' अक्षर लिहितात तेही चॅडविकचंच. आपल्या ओळखीच्या वहीतून हा खेळ मोजला जातोय हे कळलं, आणि तिथपासून मला तो परका वाटेनासा झाला.

या वहीतली मोठी नावं तुम्हाला कुठेही सापडतील. मला आवडायला लागले ते एका ओळीचे लोक.

त्यात सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे आर्चिबाल्ड 'मूनलाइट' ग्रॅहम. 29 जून 1905 रोजी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला ब्रुकलिनविरुद्ध अखेरच्या टप्प्यात मैदानात उतरवलं. उजव्या कोपऱ्यात उभा राहिला, पण त्याच्याकडे चेंडू काही आला नाही. बॅटिंगची पाळी त्याच्यावर यायला एकच माणूस उरला होता, आणि तेवढ्यात डाव संपला. मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीवर, तो पुन्हा कधीच खेळला नाही. पुढे डॉक्टर होऊन मिनेसोटातल्या चिझम या खाणकामगारांच्या गावी गेला आणि शाळेतल्या पोरांना तपासत त्याचं आयुष्य गेलं. 1989 मध्ये एका सिनेमात त्याचं पात्र आलं आणि मेल्यानंतर चोवीस वर्षांनी हा माणूस जगप्रसिद्ध झाला.

आजोबांना मी यावर आपला राजिंदरनाथ ऐकवला. 1952, मुंबईचं ब्रेबर्न, समोर पाकिस्तान. यष्टिरक्षक म्हणून आयुष्यात एकच कसोटी मिळाली, त्यात चार यष्टिचीत केले, झेल एकही नाही, आणि भारताने चारच गडी गमावून डाव सोडल्यामुळे बॅटिंग आलीच नाही. आजोबांनी स्कोअरकार्डच्या मागे नाव लिहून घेतलं. स्पेलिंग दोनदा विचारलं.

त्या बदल्यात मला लॅरी यौंट मिळाला. ग्रॅहमला निदान उभं राहायला तरी मिळालं. 15 सप्टेंबर 1971 ला ह्यूस्टनने यौंटला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून बोलावलं, लाउडस्पीकरवर नाव पुकारलं गेलं, तो सरावाचे चेंडू टाकू लागला आणि कोपर दुखायला लागलं. एकही खरा चेंडू न टाकता परत गेला. पण नाव पुकारलं गेलं की नियमाने तो सामन्यात 'उतरला'. म्हणून अधिकृत नोंदीत त्याचा एक सामना आहे आणि बाकी सगळीकडे शून्य. मोठ्या लीगमध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. त्याचा धाकटा भाऊ रॉबिन यौंट याच्या नावावर 3,142 हिट (ज्यावर बॅटर निदान पहिल्या बेसच्या टप्प्यापर्यंत पोचतो ते फटके) आहेत आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. दोघं भाऊ एकत्र जेवायला बसत असतील तेव्हा हा विषय निघत असेल का, असा एक आगाऊ प्रश्न मला नेहमी पडतो.

ह्यूस्टनचाच जॉन पाचोरेक. 1963 च्या हंगामाचा शेवटचा दिवस, 29 सप्टेंबर, वय अठरा. पाच वेळा बॅटिंगला आला, तीन हिट मारले, दोन वेळा वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला, चार धावा काढल्या. एकदाही बाद झाला नाही. मग पाठीने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली आणि दुसरा सामना आलाच नाही. वॉक सरासरीत धरत नाहीत, म्हणून तीनपैकी तीन हिट आणि त्याची सरासरी कायमची 1.000 राहिली.

या गोष्टी ऐकायला गोड असतात कारण त्या जुन्या असतात. डोळ्यांसमोर घडल्या की वेगळं वाटतं. ड्रू मॅगी नावाचा खेळाडू तेरा हंगाम खालच्या लीगांमध्ये खेळत होता, 1,155 सामने. आपल्याकडे रणजी खेळून खेळून दाढी पिकलेले असतात ना, तसा. 2021 मध्ये मिनेसोटाने त्याला काही दिवस वर बोलावलंही होतं, पण बाकावरून उठवलंच नाही. एप्रिल 2023 मध्ये पायरेट्सने बोलावलं तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. 26 एप्रिलला आठव्या डावात त्याला अँड्रू मकचन या इथल्या लाडक्या खेळाडूच्या जागी बॅटिंगला पाठवलं. लोकांच्या देवाला बाकावर बसवलं तरी एकही जण कुरकुरला नाही. सगळं स्टेडियम उभं राहून त्याच्या नावाचा घोष करत होतं. तो स्ट्राइकआऊट झाला. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये त्याने पहिला हिट मारला, पण इथले लोक अजून बोलतात ते त्या स्ट्राइकआऊटबद्दलच.

बरोबर सहा वर्षं आधी, 26 एप्रिल 2017 ला, याच मैदानावर गिफ्ट एन्गोएपे उतरला होता. मोठ्या लीगमध्ये खेळलेला आफ्रिका खंडात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याची आई जोहान्सबर्गजवळच्या रँडबर्गमधल्या बेसबॉल क्लबात साफसफाईचं काम करायची आणि माय-लेकरं त्या क्लबहाऊसमधल्याच एका खोलीत राहायची. शिकागोच्या जॉन लेस्टरसारख्या नामी पिचरला त्याने पहिल्याच पाळीत हिट मारला. त्याची कारकीर्द फार लांबली नाही, पण तारीख सारखी आहे म्हणून आजोबा या दोघांना एकाच दमात सांगतात.

वहीचा हा सगळा उदारपणा मला काही महिने फार भावला. माणूस एका चेंडूपुरता आला तरी त्याची नोंद आहे, शंभर वर्षं आहे, कुणीही उघडून बघावी. मग हार्वी हॅडिक्सची गोष्ट कळली. 26 मे 1959, पायरेट्सचा हा पिचर मिलवॉकीत बारा डाव टाकत होता आणि बारा डावांत त्याने एकाही माणसाला बेसवर येऊ दिलं नाही. छत्तीस आले, छत्तीस गेले. नऊ डावांत हे साधलं तरी त्याला 'परफेक्ट गेम' म्हणून इतिहासात जागा मिळते. पण त्याच्या संघालाही धावच काढता येईना, म्हणून सामना लांबत गेला. तेराव्यात एका क्षेत्ररक्षकाची चूक झाली, मग जो अॅडकॉकने चेंडू कुंपणाबाहेर मारला आणि सामना गेला. त्यातही घोळ: पुढे पळणारा हँक एरन मध्येच रस्ता सोडून निघून गेला, म्हणून तो होमरनही धरला गेला नाही आणि निकाल 1-0 असा लागला. 1991 मध्ये नोंदींची छाननी करणाऱ्या समितीने व्याख्या कडक केली आणि हॅडिक्सचं नाव यादीतून काढलं. टाकले कुणी नाहीत असे बारा डाव, आणि यादीत नाही. म्हणजे वहीलाही स्वतःचं राजकारण असतं.

आणि जॉश गिब्सनच्या बाबतीत तर वही उघडलीच नव्हती.

गिब्सन या गावचा. पोरवयात जॉर्जियाहून घरच्यांबरोबर आला, इथल्या पोलाद कारखान्यांच्या आधाराने वाढला आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स व होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या संघांकडून खेळला, कारण मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. जुने लोक त्याच्या होमरनांची अंतरं सांगतात तेव्हा थोडं हातचं राखूनच ऐकावं, पण तो त्या काळातल्या सगळ्यात जोरकस बॅटरांपैकी होता यावर वाद नाही. जानेवारी 1947 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी, 15 एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि ती भिंत फुटली. अॅलेघेनी दफनभूमीत गिब्सनच्या थडग्यावर 1975 पर्यंत दगडसुद्धा नव्हता.

हे ऐकताना मराठी माणसाला दलित क्रिकेटपटू पी. बाळू आठवल्याशिवाय राहत नाही. पुण्याच्या क्लबात गोऱ्यांना चेंडू टाकणारा, हिंदू संघाला सामने जिंकून देणारा, आणि चहाच्या वेळी वेगळ्या पेल्यात चहा मिळणारा. दोघांची तुलना फार ताणू नये. पण गिब्सनबद्दल इथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांच्या आवाजात जो एक ओशाळेपणा येतो, तो मला ओळखीचा वाटतो.

मे 2024 मध्ये मेजर लीगने निर्णय अमलात आणला: 1920 ते 1948 या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या लीगांमधल्या 2,300 हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत धरले जातील. त्या दिवशी कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत टाय कॉबचं .367 खाली सरकलं आणि वर आलं गिब्सनचं .372. बऱ्याच वर्तमानपत्रांत बातमी एवढीच होती, पहिला क्रमांक बदलला. मला मात्र त्या 2,300 मधल्या बाकीच्यांची उत्सुकता आहे. त्यांच्यातही कुणी ग्रॅहम असेल, कुणी पाचोरेक असेल. एका रविवारी आला, दोन हिट मारले आणि पुन्हा भट्टीवर कामाला गेला. कित्येक सामन्यांचे तपशील वर्तमानपत्रांतून आजही गोळा करताहेत, आणि काही सामन्यांच्या बाबतीत शाईच उरलेली नाही.

आता तुम्ही विचाराल ते. भारतात सुट्टीला आले की प्रत्येक जण विचारतो: ती आपली दोन पोरं पिट्सबर्गलाच होती ना? होती आणि नव्हती. 2008 मध्ये भारतात जोरात चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघंही भालाफेक करणारे, बेसबॉल आधी पाहिलेलाही नाही. वर्षाच्या आत पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. पण ते खेळले फ्लोरिडातल्या प्रशिक्षण केंद्राच्या बाजूला, खालच्या लीगांमध्ये. दिनेश 2010 मध्ये परतला. रिंकू आणखी वर चढला, वेस्ट व्हर्जिनियापर्यंत पोचला, मग दुखापतींनी गाठलं आणि शेवटी तो 'वीर महान' या नावाने कुस्तीच्या रिंगणात उतरला. पिट्सबर्गच्या मैदानावर दोघांपैकी कुणाचंही नाव वहीत नाही. सिनेमा आला तो त्यांच्यावर, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की ते मोठ्या लीगमध्ये खेळले.

खरा खेळतोय तो कुमार रॉकर. वडील ट्रेसी रॉकर अमेरिकन फुटबॉल खेळलेले, आई ललिता, तिचं घराणं मूळचं आंध्र प्रदेशातलं. कॉलेजात असताना 2019 मध्ये त्याने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध एकाही हिटशिवाय एकोणीस बॅटर स्ट्राइकआऊट केले होते. पुढे 2021 मध्ये एका संघाने निवडून करार केला नाही, मग टेक्सासने घेतलं, मग कोपराची शस्त्रक्रिया. 12 सप्टेंबर 2024 ला सिअॅटलमध्ये त्याने पदार्पण केलं: चार डाव, सात स्ट्राइकआऊट. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे टाकलं तर तीन अंगठे आले आणि लगेच गणपतीच्या वर्गणीची आठवण.

टेक्सासचा संघ हल्ली वर्षाआड इथे येतो. त्या दिवशी रॉकरची पाळी असली तर ग्रुपवर पुन्हा विचारणार आहे. दोघी तयार झाल्यात, एकीची अट आहे की आधी नियम समजावून सांगायचे. आजोबांच्या शेजारी बसवीन म्हणते.